नावाची खुर्ची

सुदर्शनच्या थोरल्या बहिणीचं लग्न जमलं ते एका पंख्यामुळे.

मुलगा पाटबंधारे खात्यात कारकून होता. पत्रिका जुळली होती, घर पाहून झालं होतं, शेतीही पाहिली होती. तरी एक दिवस वडील सुदर्शनला बरोबर घेऊन, कोणालाही न कळवता, मुलाच्या कचेरीत गेले. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला ही रीतच आहे. मुलगा घरी कसा आहे ते घरचे सांगतात आणि गावात कसा आहे ते गाव सांगतं. नोकरीत त्याची किंमत काय, हे मात्र आपल्या डोळ्यांनी पाहून यायचं असतं, आणि तेही न सांगता, काहीतरी दुसरं काम काढून. वडिलांनी कालव्याच्या पाण्याच्या पाळीची चौकशी केल्यासारखं केलं. मुलगा जागेवर नव्हता. शिपायाने बोट दाखवून सांगितलं, "ते काय, भाऊसाहेबांचं टेबल. बसा, येतीलच." वडील काही बसले नाहीत. परतीच्या एसटीत ते म्हणाले, "टेबल हाय. डोक्यावर पंखा हाय. पोरीची काळजी नाय."

पुढे घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात ही गोष्ट हसत हसत सांगितली जाई, आणि सगळ्यांत रंगवून ती सुदर्शनच सांगे. ही रीत ज्याला ठाऊक नव्हती अशा माणसाकडून पुढची चूक झाली असती, तर ती सोडून देता आली असती. सुदर्शनच्या बाबतीत तीही सोय उरली नाही.

तो माणूस वाईट नव्हता. बी. कॉम. झाल्यावर तो नारायणगावात पुनमचंद शेठच्या पेढीवर लागला आणि तिथंच राहिला. नेटका माणूस. दुसऱ्याच्या घरी गेला तरी उंबऱ्याबाहेरच्या चपला पायाने सरळ रेषेत लावून मग आत जायचा. पेढीवर आधी बियाणं आणि औषधं विकली जात. द्राक्षबागा वाढल्या तसं शेठनी ठिबकच्या नळ्यांचं काम घेतलं आणि फिरत्या पोरांची गरज पडू लागली. सकाळी मोटारसायकलवर नळ्यांची भेंडोळी बांधून ही पोरं बाहेर पडत. कोणी ओतूरकडे, कोणी मंचरकडे. रानं मोजायची, नळ्या अंथरायच्या, बुजलेली भोकं साफ करून द्यायची. संध्याकाळी मातीने भरलेली परत यायची, मोरीवर पाय धुवायची आणि पेढीच्या पांढऱ्या गादीच्या कडेला टेकायची. शेठच्या पत्नी कस्तुरबाई आतून ताक पाठवायच्या. गादीवर कोणाची जागा ठरलेली नव्हती. त्यामुळे कोणाला जागा नाही असंही कधी झालं नाही.

दोन हजार तीनच्या सुमारास पेढी हायवेवर हलवायचं ठरलं. शेठचा मुलगा प्रितम याने नव्या इमारतीत खाली माल ठेवायला गाळा घेतला आणि वर कचेरीसाठी एक खोली. खोली चांगली उजेडाची होती, पण लहान. एवढ्या माणसांची टेबलं त्यात मांडायची कशी, हे काम शेठनी सुदर्शनवर सोपवलं. हाताखालची माणसं त्याच्याकडेच होती, आणि असल्या कामाची त्याला हौसही होती.

मधल्या काळात, हलायच्या आधी, पेढीवरही टेबलं आली होती. सुदर्शन महिनाभर पाहत राहिला की कोणत्या टेबलावर कोण, कधी आणि किती वेळ बसतं. फिरत्या पोरांच्या टेबलांवर बहुतेक वेळ हेल्मेटंच बसलेली असत. पूर्वी त्यांना फोनसाठी तरी यावं लागे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला होता. नळ्या बनवणाऱ्या कंपनीने त्याला पुण्याला प्रशिक्षणाला बोलावलं, तेव्हा तिथल्या कचेरीत त्याने एक गोष्ट पाहून ठेवली होती. तिथं टेबलांना नावं नव्हती. जो येईल तो मोकळ्या जागी बसे आणि जाताना टेबल पुसून जाई.

त्याने आलेखाच्या कागदावर खोली आखली. पुठ्ठ्याची छोटी टेबलं कापली, ती सरकवून सरकवून पाहिली. फिरती पोरं नऊ. त्यांच्यासाठी खिडकीला लागून एकच लांब टेबल आणि तीन खुर्च्या. भिंतीत प्रत्येकाला कुलपाचा एक कप्पा. दाराशी हेल्मेटांना खुंट्या. बिलं करणाऱ्या नीलमला, म्हणजे प्रितमच्या पत्नीला, जिन्याच्या तोंडाशी काउंटर. शेतकऱ्यांना बसायला बाक. आणि कोपऱ्यात काचेची एक केबिन, ती सुदर्शनची. एकूण आखणी खरोखरच चांगली होती. आजही तिच्यात चूक काढता येणार नाही. खोली लहान असून कोणाचा कोणाला धक्का लागत नसे. शेठ जिना चढून आले, चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "पोरं बसणार कुठं रे?"

सुदर्शन म्हणाला, "शेठ, फिल्डची पोरं म्हणजे वारं. वाऱ्याला कशाला खुर्ची?"

शेठ हसले. सुदर्शनला आपलं वाक्य फार आवडलं. मग ते त्याने पुष्कळांना ऐकवलं.

या नऊ पोरांत निरगुडसरच्या भिमाजींचा आदेश होता. कामाला चोख, बोलायला लाजरा. आळे गावच्या एका मुलीचं स्थळ त्याला आलं होतं. पाहण्याचा कार्यक्रम झाला, मुलीला तो आवडला, त्याला मुलगी इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी त्याने एकाच रानात दोनदा नळी अंथरली. पोरं त्याला 'आळ्याचं पावणं' म्हणून हाक मारू लागली. पाहायला जायची रजा सुदर्शननेच दिली होती, वर स्वतःच्या इस्त्री केलेल्या कपड्यांची घडीही दिली होती. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. बोलणी बरीच पुढे गेली होती, फक्त होकार यायचा बाकी होता.

नव्या जागेत सामान लागत होतं, त्या दिवशी आदेश केबिनशी येऊन घुटमळला. म्हणाला, साहेब, एक टेबल माझ्या नावाचं राहील का. दिवाळीपर्यंत राहिलं तरी चालेल.

"तू असतोस कधी रे इथं?" सुदर्शनने विचारलं.

"नसतो. पण असू द्या की."

"नावाला टेबल ठेवून काय त्याची पूजा करायचीय?"

आजूबाजूची पोरं हसली. आदेशही हसला आणि कप्प्याची किल्ली घेऊन गेला. कशासाठी मागतोय हे त्याने सांगितलं नाही, आणि सुदर्शननेही विचारलं नाही. पंख्याची गोष्ट ज्याने शंभरदा सांगितली होती, त्याला त्या वेळी ती आठवली नाही.

दिवाळीच्या आधी, एका दुपारी, दोन माणसं जिना चढून आली. एक वयस्कर, टोपी घातलेले, दुसरा त्यांचा पुतण्या असावा असा. नीलमने बाकावर बसवून पाणी दिलं. ठिबकची माहिती पायजे, असं वयस्कर माणूस म्हणाला. सुदर्शन केबिनमधून बाहेर आला. नवी कचेरी कोणी पाहायला आलं की त्याला बाहेर यावंसंच वाटे. त्याने माहिती सांगितली. पाहुणे मान डोलवत होते, पण नजर खोलीभर फिरत होती. सुदर्शनला वाटलं, यांना आपली मांडणी आवडलेली दिसते.

"निरगुडसरचा आदेश म्हणून एकजण हितंच असतो ना?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"असतो कुठला! रस्त्यावर असतो तो." सुदर्शन मोठ्याने हसला. "त्याला इथं जागाच ठेवली नाही मी."

"म्हंजी?"

मग सुदर्शनने सगळं समजावून दिलं. लांब टेबल दाखवलं, तीन खुर्च्या दाखवल्या, खुंट्या दाखवल्या. आधी किती टेबलं अडून पडायची ते सांगितलं. कोणीही यावं, मोकळं दिसेल तिथं टेकावं आणि निघावं, असं सांगितलं. वाऱ्याचं वाक्यही ऐकवलं. काउंटरवरून नीलम दोनदा खोकली. तिसऱ्यांदा तिने 'सुदर्शनभाऊ, फोन' म्हटलं. त्याने हात हलवून तिला थांबवलं आणि केबिनच्या काचेवर टिचकी मारली.

"या सगळ्या खोलीत नावाची खुर्ची एकच. ही."

वयस्कर गृहस्थांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. चहा आला होता, तो दोघांनी प्यायला, कप काउंटरवर नेऊन ठेवले, रामराम केला आणि गेले.

"चांगली माणसं," सुदर्शन म्हणाला. नीलमने बिलबुकातून मान वर केली नाही.

आठवडाभरात आळ्याहून निरोप आला की पत्रिका जमत नाही. आदेशने तो पोरांना सांगितला तोही चेष्टेच्या सुरात, म्हणजे पोरांना चेष्टा करायला काही उरू नये म्हणून. गुरुजींना आता माझे ग्रह सापडले म्हणे, इतके दिवस ते सुट्टीवर होते. मग हेल्मेट घालून तो जिना उतरला. हेल्मेट खालीच घालायची पद्धत होती. त्या दिवशी त्याने ते वरच घातलं.

सुदर्शनला मनापासून वाईट वाटलं. संध्याकाळी तो नीलमला म्हणाला, बघा, एवढं जमलेलं स्थळ, आणि पत्रिकेवर मोडलं.

नीलम काउंटरच्या खणाला कुलूप लावत होती. ती म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी आले होते ते कोण होते?"

"कोण?"

"ज्यांना तुम्ही खुर्ची दाखवली ते. ठिबक पाहायला आले म्हणाले आणि भाव विचारला नाही. भाव विचारत नाही ते गिऱ्हाईक कसलं? मी खोकून खोकून दमले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. व्यापाऱ्याच्या घरातली ती, माणूस कशाला आलाय हे तिला जिन्यावरच्या पावलांवरून कळे. किल्ल्या त्याच्या हातात देऊन ती गेली.

सुदर्शन बाकावर बसला, त्याच जागी, जिथं ते गृहस्थ बसले होते. तिथून सगळी खोली दिसत होती. लांब टेबल, खुंट्या, काचेची केबिन. आपल्या वडिलांनी पाटबंधारेच्या कचेरीत असंच पाहिलं असेल. तिथला शिपाई शहाणा, टेबलाकडे बोट करून भाऊसाहेब म्हणाला. मेहुणे त्या वेळी जागेवर नव्हते. नसलेल्या माणसाला त्या शिपायाने जागेवर बसवलं होतं. आणि आपण असलेल्याला रस्त्यावर काढलं. खोलीत कोणी नव्हतं, तरी त्याने मान खाली घातली.

पुढच्या रविवारी तो आळ्याला गेला. मुलीच्या वडिलांचं नाव सयाजी. ते कांद्याच्या चाळीत नासके कांदे निवडत बसले होते. त्यांनी सुदर्शनला लगेच ओळखलं. पोतं झटकून बसायला दिलं, पाणी आणायला सांगितलं. सुदर्शनने वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. पोरगं किती कामाचं आहे, शेठ त्याला किती मानतात, शेतकरी त्याचंच नाव घेऊन फोन करतात, टेबल नसणं म्हणजे नोकरी कच्ची असणं नव्हे, पुण्यातही आता असंच करतात. ते सगळं त्याने सांगितलं. सांगता सांगता त्याला जाणवलं की यातलं एक वाक्य तरी त्या दुपारी आपल्याला बोलता आलं असतं.

सयाजी ऐकत होते. हात कांद्यांत चालू होते.

"टेबलाचं काय नाय वो," ते म्हणाले. "आमाला कुठं टेबल हाय? ते नसतं तरी चाललं असतं. पण मी पोराचं नाव घेतलं आन् तुमी हसला."

त्यांनी एक नासका कांदा बाजूला टाकला.

"पोरगं चांगलंच असंल. पण ज्याच्या हाताखाली हाय त्यालाच त्याचं काय वाटत न्हाई, म्हणल्यावर मी पोरीला काय सांगू?"

चूक माझी आहे, पोराची नाही, एवढं सुदर्शन कसंबसं म्हणाला. सयाजींनी मान हलवली. ते खरं होतं, पण आता उशीर झाला होता. चाकणच्या कारखान्यातल्या मुलाशी बोलणी होऊन सुपारी फुटली होती. भिमाजींना काय सांगितलंत, असं सुदर्शनने विचारलं. पत्रिकेचं कळवलंय, सयाजी म्हणाले. उगं कुणाला उणं कशाला दाखवायचं.

निघताना त्यांनी पिशवीभर कांदे दिले. सुदर्शनने नको म्हटलं, तरी मोटारसायकलला अडकवले. आळेफाट्यापर्यंत ती पिशवी गुडघ्याला लागत राहिली.

त्यानंतर त्याने आदेशला एकदा सांगायचं ठरवलं. केबिनमध्ये बोलावलं, बसवलं. आणि तोंडून निघालं ते वेगळंच. म्हणाला, खिडकीजवळ तुझ्यापुरतं एक टेबल टाकतो, नावाची पाटी लावू.

"नको साहेब," आदेश म्हणाला. "आता सवय झाली. उगाच जागा अडती."

ते त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की सुदर्शनला पुढे सरकता येईना. सांगायचं होतं ते त्या दिवशी राहिलं, मग राहतच गेलं. आदेश पूर्वीसारखाच वागे. निरगुडसरहून येताना कधी मेथीची जुडी, कधी हुरडा आणून केबिनच्या दाराला अडकवून जाई. प्रत्येक वेळी सुदर्शनला ते खाणं जड जाई आणि टाकणंही.

कचेरीत एवढंच बदललं की वाऱ्याचं वाक्य पुन्हा कोणी ऐकलं नाही. कोणी अनोळखी माणसाने वर येऊन फिरत्या पोरांपैकी कोणाचं नाव घेतलं, तर सुदर्शन उठून उभा राही. त्या पोराचं नाव घेऊन, ते आमचे आहेत, आत्ता अमुक गावी कामावर आहेत, निरोप लगेच देतो, असं सांगे. मग भले आलेला माणूस नळीचं एक टोपण मागायला आलेला असो. नीलम पाहत असे आणि काही म्हणत नसे.

दोन वर्षांनी आदेशचं लग्न ठरलं. मुलगी मंचरजवळची, नाव स्नेहल. निरगुडसरला घरापुढच्या मोकळ्या रानात मांडव पडला. कचेरी बंद ठेवून सगळे गेले. वऱ्हाड अंदाजापेक्षा जास्त आलं आणि खुर्च्या कमी पडल्या. सुदर्शनला ते बरंच वाटलं. मागे, पाण्याच्या टाकीशी, माणसांच्या आड तो उभा राहिला.

भिमाजींनी त्याला तिथंही शोधून काढलं. आधी फेटा बांधवला. मग गर्दीतून एक खुर्ची डोक्यावर उचलून आणली, अगदी पुढे, नवरदेवाच्या समोर ठेवली आणि उपरण्याने पुसली. आदेशची आई प्रयागबाई बायकांतून म्हणाली, "सायबांना हवेशीर बसवा. त्यांच्यामुळं पोरगं मार्गी लागलं."

सुदर्शन बसेना. भिमाजींनी खांद्याला धरून बसवलं आणि तिथंच थांबले. वाजंत्री चालू होती. सुदर्शन त्यांच्याकडे वळून म्हणाला, "भिमाजी, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. आळ्याचं."

"ठावं हाय," भिमाजी म्हणाले.

त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं.

"पत्रिका मी आन् सयाजीनं आधीच बघितली व्हती. मग मोडली कशी? म्हणून मीच गेलो आळ्याला. तुमी जाऊन आला त्याच्या पाठोपाठ. सयाजीनं दोन्ही सांगितलं. तुमी काय बोलला ते बी, आन् तुमी आला व्हता ते बी."

"आदेशला?"

"त्याला न्हाई सांगितलं." भिमाजींनी पोराकडे पाहिलं. मुंडावळ्यांच्या आडून तो या दोघांकडेच पाहून हसत होता. "त्याला रोज तुमचं तोंड बघून कामाला निघायचं व्हतं. मन खराब करून कशाला धाडायचं?"

मग त्यांना कोणीतरी हाक मारली आणि ते गेले.

सुदर्शनला उठावंसं वाटलं. पण उठला असता तर सगळ्यांनी पाहिलं असतं, भिमाजींनी, आदेशने, पोरांनी. पाठीमागे बायका उभ्या होत्या, म्हातारी माणसं जमिनीवर बसली होती, आणि मांडवातली सगळ्यांत चांगली खुर्ची त्याच्याखाली होती. तो बसून राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक कडव्याला लोक अक्षता टाकत होते, काही त्याच्या फेट्यावरही पडल्या. टाळ्या झाल्या, हार घातले गेले, माणसं पंगतीकडे वळली. आदेश खाली उतरून, बायकोला घेऊन, सगळ्यांत आधी त्याच्याच पाया पडायला आला, तेव्हा आशीर्वादाला हात उचलताना सुदर्शनच्या लक्षात आलं की आपली मूठ अजून मिटलेलीच आहे, आणि तिच्यातले तांदूळ घामाने भिजून तळहाताला चिकटले आहेत.